अणुभट्टीच्या गणिताचा ताळा

आपल्या छत्रपती संभाजीनगरातील क्रांती चौक सायंकाळी सहाच्या सुमारास ज्याला पायी ओलांडावा लागला आहे, त्याला गणित आणि जग यांच्यातील अंतर निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जालना रस्त्याची काही वाहने वरच्या पुलावरून जातात, काही खालून जातात. पैठण गेटाकडून आलेल्यांना उस्मानपुऱ्याकडे जावयाचे असते आणि उस्मानपुऱ्याकडून आलेल्यांना पैठण गेटाकडे. या सर्व गलबल्याकडे अश्वारूढ शिवछत्रपती उंचावरून पाहत असतात. आता अशी कल्पना करा की, कोणा अभियंत्याने या चौकाचा हिशेब मांडला. कोणत्या रस्त्याने मिनिटाला किती वाहने येतात, एक वाहन पुढे सरकण्यास किती वेळ लागतो, हे मोजून त्याने तांबडा दिवा किती सेकंद ठेवावा याचे उत्तर काढले. त्याच्या उत्तराविषयी आपल्याला दोन प्रश्न विचारता येतील. पहिला प्रश्न असा की, त्याने बेरजा-गुणाकार बिनचूक केले आहेत काय? दुसरा असा की, त्याने कागदावर जो चौक मांडला तो हाच चौक आहे काय? कागदावरील रिक्षा उतारूसाठी मध्येच थांबत नाही, आणि कागदावर शिवजयंतीची मिरवणूकही निघत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असूनही दुसऱ्याचे 'नाही' असू शकते. आणि तसे झाले तर गणित बरोबर येऊनही चौक तुंबावयाचा तो तुंबतोच.

चौक तुंबला तर घरी पोहोचण्यास अर्धा तास उशीर होतो, इतकेच. परंतु हेच दोन प्रश्न ज्या ठिकाणी विचारले नाहीत तर अर्ध्या तासावर भागत नाही, असे एक ठिकाण आपल्याच महाराष्ट्रात, पालघर जिल्ह्याच्या समुद्रकिनाऱ्यावर आहे. ते म्हणजे तारापूरचे अणुविद्युत् केंद्र. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून १९६९ साली भारतात प्रथम अणुविद्युत् निर्माण होऊ लागली. पुढे २००५ व २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, जड पाण्यावर चालणाऱ्या आणखी दोन भट्ट्या तेथे सुरू झाल्या. या भट्ट्यांत अपघात झाला तर काय होईल, याचे गणित संगणकाकडून करून घेतात. त्या गणितावर विश्वास कशावरून ठेवावा, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हे पाहू की, अशा गणितावाचून चालत का नाही. कोळशाच्या भट्टीतील कोळसा काढून घेतला की आच संपते. अणुभट्टीचे तसे नाही. तिच्यातील साखळी-प्रक्रिया क्षणार्धात थांबवता येते; परंतु विखंडनातून निर्माण झालेले किरणोत्सर्गी पदार्थ इंधनात असतात आणि ते उष्णता देतच राहतात. भट्टी बंद केल्याक्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सुमारे सहा-सात टक्के असते. तासाभराने ती दीड टक्क्याच्या आसपास येते. दिवसभराने अर्ध्या टक्क्यावर. टक्केवारी ऐकून ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या भट्टीची उष्णताशक्ती सुमारे १७०० मेगावॉट आहे. तिचे सहा टक्के म्हणजे शंभर मेगावॉट. दर सेकंदाला चाळीसेक किलो पाण्याची वाफ करून टाकण्यास ही उष्णता पुरेशी आहे, आणि हे सारे भट्टी 'बंद' असताना! त्या भट्टीत ३९२ आडव्या नळ्या आहेत. त्यांतील इंधनाभोवतून जड पाणी सुमारे ३०० अंश तापमानाने आणि मोठ्या दाबाखाली वाहत असते. हे पाणी वाहून नेणारा एखादा मोठा नळ फुटला तर दाब उतरतो, पाण्याची वाफ होते, इंधन उघडे पडण्याचा धोका उत्पन्न होतो. आणि अशा वेळी आपत्कालीन शीतक यंत्रणेने बाहेरून पाणी लोटून इंधन वेळेवर निववावे लागते.

ते वेळेवर निवेल काय? पुलाची परीक्षा त्यावर वजनाच्या मालमोटारी उभ्या करून घेता येते. आपल्या शहरात मलिक अंबरने सतराव्या शतकात जमिनीखालून नहर आणली, तेव्हा पाणी चढते की नाही हे पाणी सोडूनच पाहिले असणार. पण तारापूरचा नळ मुद्दाम फोडून 'पाहू या काय होते' असे म्हणता येत नाही. जो प्रसंग कधी घडू द्यावयाचा नाही, त्याच्यासाठीच सर्व तयारी करावयाची. आणि तो प्रसंग पाहण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे गणिताचा.

हे गणित करणाऱ्या संगणक-आज्ञावलीला अभियंते 'कोड' म्हणतात. अमेरिकेत आयडाहो येथे तयार झालेली 'रिलॅप' ही आज्ञावली त्यांपैकी एक प्रसिद्ध. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने गंभीर अपघातांच्या अभ्यासासाठी 'प्रभाविनी' नावाची आज्ञावली तयार केली आहे. अशा आज्ञावलीची रीत घरच्या जमाखर्चासारखीच असते. भट्टीचे नळ, पंप, बाष्पजनक यांचे मनाने लहान लहान खण पाडावयाचे. प्रत्येक खणात किती पाणी आले, किती गेले, किती उरले. किती उष्णता आली, किती गेली. दाबाने पाण्याला किती गती मिळाली, घर्षणाने किती हरवली, असा हिशेब सेकंदाच्या सूक्ष्म अंशाअंशाला लिहीत जावयाचे. इतपर्यंत निसर्गाचे नियम पक्के आहेत. परंतु एकाच नळातून पाणी आणि वाफ दोन्ही धावू लागली म्हणजे वाफ पाण्याला किती ओढून नेईल, तापलेल्या इंधनकांडीला वाफेचा स्पर्श किती निववील, हे कोणत्याही मूलभूत नियमावरून सरळ निघत नाही. तेथे प्रयोगशाळेत मोजलेल्या आकड्यांवरून बसवलेली सूत्रे घालावी लागतात. म्हणजे या जमाखर्चाच्या वहीत काही रकमा मोजलेल्या आहेत आणि काही अजमासाने धरलेल्या आहेत. वही नीटनेटकी दिसते म्हणून अजमासाच्या रकमा मोजलेल्या होत नाहीत!

चौकाविषयी विचारलेले दोन प्रश्न आता येथे विचारू. पहिल्या प्रश्नाच्या परीक्षेला पडताळणी म्हणतात. समीकरणे बिनचूक सोडवली काय, एवढेच तीत पाहावयाचे. दुसऱ्याच्या परीक्षेला प्रमाणीकरण म्हणतात. योग्य समीकरणे सोडवली काय, जगाशी ती जुळतात काय, हे तीत पाहावयाचे. मी आपल्या घरगुती भाषेत पहिलीला ताळा म्हणेन आणि दुसरीला प्रचीती.

ताळा हा शब्द आपल्या शाळेतला. २३ ला १४ ने गुणिले, ३२२ आले. अंकांची बेरीज करून पाहावी : २३ चे पाच, १४ चे पाच, पाचापाचा पंचवीस, त्याचे सात, आणि ३२२ चेही सात. ताळा जमला. पण एखाद्या मुलाने गडबडीत ३२२ ऐवजी २३२ लिहिले, तर त्याचेही सातच येतात! ताळा जमतो आणि उत्तर चुकलेले असते. यावरून जी शिकवण घ्यावयाची ती अशी की, एकाच जातीच्या ताळ्यावर कधी विसंबू नये.

म्हणून आज्ञावलीचे ताळे अनेक प्रकारांनी पाहतात. ज्या सोप्या उदाहरणांचे उत्तर कागद-पेन्सिलीने नेमके काढता येते, ती तिला घालून पाहतात. आरंभी नळांत असलेले पाणी आणि फुटीतून गेलेले व आतच राहिलेले पाणी यांचा मेळ बसतो काय, की हिशेबात थेंबथेंब पाणी नाहीसे होत आहे, हे तपासतात. खणांची संख्या दुप्पट, चौपट करून पाहतात. खण बारीक होत जातील तसतसे उत्तर एका ठिकाणी स्थिरावले पाहिजे. ते खणांबरोबर सरकतच राहिले तर ते निसर्गाचे उत्तर नव्हे, आपण पाडलेल्या खणांचे होय. आणखी एक युक्ती मोठी मार्मिक आहे : उत्तर आधी मनाशी ठरवावयाचे, त्यावरून ज्याचे तेच उत्तर यावे असा प्रश्न रचावयाचा आणि तो आज्ञावलीला सोडवावयास द्यावयाचा. तिने ठरवलेलेच उत्तर दिले नाही, तर दोष कोठे आहे ते शोधण्यास वाट मिळते. शिवाय आज्ञावलीत एक ओळ जरी बदलली तरी पूर्वीची सर्व उदाहरणे पुन्हा सोडवून घ्यावी लागतात. कारण एक भोक बुजवताना दुसरे पडणे हा केवळ भांड्यांना कल्हई करणाराचाच अनुभव नाही.

एवढे करूनही हाती काय आले? आज्ञावली सांगितलेले गणित बरोबर करते, एवढाच निर्वाळा मिळाला. सांगितलेले गणित खऱ्या भट्टीचे आहे की नाही, हे विचारण्यास निसर्गाच्याच दारी जावे लागते.

येथे मी आपल्याला एक जुनी हकीकत सांगतो. १९७०-७१ च्या सुमारास अमेरिकेत आयडाहो येथे 'सेमीस्केल' नावाचा एक छोटा प्रयोगसंच होता. त्यात अणुइंधन नव्हते. विजेने तापणाऱ्या कांड्या होत्या आणि त्यांचे भांडे जेमतेम वीतभर व्यासाचे होते. नळ फुटल्याची नक्कल करून त्यात आपत्कालीन पाणी सोडले. गणिताच्या अपेक्षेप्रमाणे ते पाणी भांड्याच्या तळाशी जाऊन कांड्यांना भिडावयास हवे होते. प्रत्यक्षात वर येणाऱ्या वाफेने त्याला अडवले आणि ते बाजूने वळसा घालून फुटलेल्या नळावाटे बाहेर निघून गेले! कांड्या कोरड्याच राहिल्या.

या निष्पत्तीने अमेरिकेत मोठा वाद माजला. एक पक्ष म्हणे, भांडे इतके लहान आहे की मोठ्या भट्टीविषयी त्यावरून काहीच अनुमान काढता येत नाही. दुसरा पक्ष म्हणे, मग तुमच्या गणितावर तरी कशावरून विसंबावे? १९७२-७३ साली यावर दीर्घकाळ उघड सुनावणी चालली आणि १९७४ च्या आरंभी नियम ठरले : नळ फुटला असताही इंधनाच्या झिर्कोनियम-मिश्रधातूच्या वेष्टनाचे तापमान १२०४ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये, आणि ज्या बाबी निश्चित ठाऊक नाहीत त्या प्रत्येक ठिकाणी वाईटाचीच बाजू धरून गणित करावे. वेष्टन फार तापले म्हणजे वाफेशी त्याची रासायनिक क्रिया जोराने होते, तीतून आणखी उष्णता व हायड्रोजन वायू निघतो, आणि वेष्टन ठिसूळ होते. म्हणून ही मर्यादा.

पुढे त्याच आयडाहोत ५० मेगावॉट उष्णताशक्तीची एक खरी, लहान अणुभट्टी केवळ अशा प्रयोगांसाठी उभारण्यात आली. तिचे नाव 'लॉफ्ट'. १९७८ च्या डिसेंबरात तिच्यात मोठ्या नळफुटीचा पहिला अणुइंधनावरील प्रयोग झाला. या वेळी आश्चर्य उलट दिशेने आले. गणिताने सांगितल्यापेक्षा इंधन कमी तापले. फुटीनंतर थोड्याच वेळात पाण्याचा लोट इंधनावरून जाऊन ते निवले होते, आणि ही गोष्ट गणिताने ओळखलीच नव्हती. त्यानंतर जर्मनीत मानहाइम येथे भट्टीच्या मूळ आकाराएवढे भांडे करून प्रयोग झाले. तेव्हा असे दिसले की, रुंद भांड्यात एका बाजूने वाफ वर येत असताना दुसऱ्या बाजूने पाण्याला खाली उतरण्यास वाट मिळते. वीतभर भांड्यात ही वाटच नव्हती.

कोणी म्हणेल, चूक सुरक्षिततेच्या बाजूने झाली, मग तक्रार कशाची? तक्रार अशी की, कारण न कळता सुखरूप निघालेले उत्तर हे उसने घेतलेल्या पैशासारखे असते. आज गणिताने जास्त तापमान सांगितले आणि प्रत्यक्षात कमी निघाले. ज्या अज्ञानामुळे हे घडले, तेच अज्ञान दुसऱ्या प्रसंगी उलट दिशेला चुकवणार नाही, याची हमी कोण देणार?

आता आपल्या घराकडे वळू. जड पाण्याच्या भट्ट्या आपल्या देशात अधिक. म्हणून त्यांच्यासाठी प्रयोगही आपल्यालाच करावे लागले. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात 'फिस्बे' नावाचा प्रयोगसंच आहे. २२० मेगावॉटच्या भारतीय भट्टीच्या शीतक-चक्राची ती नक्कल. तिचे घनफळ मूळ भट्टीच्या मानाने फार लहान; परंतु उंची मात्र मूळ भट्टीएवढीच राखली आहे. असे का केले? न्हाणीघरातील बंबाकडे पाहिले की हे उमगते. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी जड होऊन खाली उतरते, आणि पंपावाचून पाणी फिरत राहते. या फिरण्याचा जोर पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. उंची निम्मी केली तर जोर निम्मा होईल आणि नक्कल खोटी पडेल.

हे नैसर्गिक अभिसरण केवळ प्रयोगशाळेतील कौतुक नव्हे. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा येथे झोतयंत्राची पाती तुटून मोठी आग लागली आणि त्या भट्टीचा वीजपुरवठा सुमारे १७ तास पूर्णपणे बंद पडला. पंप थांबले. त्या रात्री भट्टीतील जड पाणी याच न्यायाने फिरत राहिले, आणि बाष्पजनकांना डिझेलवर चालणाऱ्या अग्निशामक पंपांनी पाणी पोहोचवले. इंधन शाबूत राहिले. उंचीच्या फरकाचा तो किरकोळ दिसणारा जोर अशा रात्री कामास येतो. म्हणून त्याचे माप आधीच घेऊन ठेवणे हे चैनीचे संशोधन ठरत नाही.

परदेशांशी ताळमेळ घालण्याचेही काम झाले आहे. कॅनडात पिनावा येथे जड पाण्याच्या भट्टीची नक्कल करणारा, विजेने तापणाऱ्या दहा आडव्या नळ्यांचा एक संच होता. त्यात नळफुटीचा जो प्रयोग झाला, त्याचे गणित भारतासह सहा देशांतील मंडळींनी आपापल्या आज्ञावलींनी केले, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००४ साली त्या सर्वांची तुलना प्रसिद्ध केली. प्रयोग एक आणि उत्तरे अनेक एकाच पानावर मांडली म्हणजे कोणाची रेघ मोजमापाच्या रेघेपासून कोठे दूर जाते, हे झाकता येत नाही.

परंतु प्रचीती कशी घ्यावी याचा नमुना म्हणून मला सांगावासा वाटतो तो तारापूरचाच प्रयोग. भट्टीतून काही निसटले तर शेवटचा बांध म्हणजे तिच्याभोवतीची काँक्रीटची इमारत. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीची आतील इमारत पूर्वप्रतिबलित काँक्रीटची आहे; म्हणजे पोलादी तारांनी ताणून आवळून धरलेली. आत वाफेचा दाब वाढत गेला तर ती कोठवर टिकेल? हे पाहण्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने तारापूर येथे त्या इमारतीची एक-चतुर्थांश मापाची प्रतिकृती बांधली. तिला 'बार्कॉम' म्हणतात. काँक्रीटच्या अंगात आणि पृष्ठावर ताण मोजणारी उपकरणे मोठ्या संख्येने बसवली, भेगा टिपण्यास सूक्ष्मदर्शी छायाचित्रयंत्रे लावली, आणि आत हवा भरून दाब पायरीपायरीने वाढवण्याची योजना केली.

या प्रयोगातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र उपकरणांत नव्हती, क्रमात होती. देशोदेशींच्या तज्ज्ञांना आमंत्रण देण्यात आले की, पहिली भेग केव्हा पडेल, सळया केव्हा हार खातील, तारा केव्हा, हे आपापल्या गणिताने आधी सांगा. ही भाकिते घेऊन त्यांचा विचार २००९ च्या जानेवारीत झाला. दाब मर्यादेपलीकडे वाढवण्याचा प्रयोग झाल्यावर त्यांचा पडताळा २०११ च्या फेब्रुवारीत पाहण्यात आला. श्रोतेहो, या क्रमातच सारे काही आहे. निकाल लागल्यानंतर 'आम्ही हेच म्हणत होतो' असे म्हणणारे गणित जगात मुबलक आहे. उत्तर ठाऊक असले की एखादा अजमासाचा आकडा इकडून तिकडे सरकवून रेघ जुळवता येते, आणि जुळवणाऱ्याच्या मनातही फसवण्याचा हेतू नसतो! खोटे पडण्याची तयारी ठेवून जे भाकीत आधी लिहून दिले, तेच प्रचीतीला उतरले असे म्हणावे.

प्रयोग झाले, आज्ञावली जुळली. तरी दोन ठिकाणी सावध राहावे लागते. पहिले ठिकाण म्हणजे ती चालवणारा माणूस. एकच आज्ञावली, एकच प्रयोग, पण दोन तज्ज्ञांची उत्तरे निराळी, असा अनुभव आंतरराष्ट्रीय तुलनांत वारंवार आला. कृती तीच असली तरी दोन सुगरणींच्या हातची आमटी सारखी होत नाही, तसेच हे. खण कोठे पाडावे, घर्षण किती धरावे, हे माणूस ठरवतो. म्हणून प्रमाण मानावयाचे ते आज्ञावली आणि तिचा चालक या जोडीला.

दुसरे ठिकाण म्हणजे विचारलेला प्रश्नच. १९७९ पूर्वी सर्वांचे लक्ष मोठा नळ फुटण्याकडे होते. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे नळ फुटला नाही. दाब सोडणारी एक झडप उघडीच अडकून राहिली. बारीक गळती चालू राहिली, दर्शक मात्र पाणी पुरेसे असल्याचे सुचवीत होता; चालकांनी आपत्कालीन पाण्याचा ओघ कमी केला आणि इंधनाचा मोठा भाग वितळला. २०११ साली जपानमधील फुकुशिमा येथे समुद्राची लाट सुमारे सहा मीटर येईल असे धरले होते. ती तेरा मीटरांहून उंच आली. दोन्ही ठिकाणी यंत्राच्या बेरजा चुकल्या असे कोणी म्हणणार नाही. मिरवणुकीचा दिवस हिशेबात घेतलाच नव्हता, इतकेच. म्हणून जाणत्यांचा दंडक असा आहे की, प्रयोगांनी आखलेल्या कुंपणाच्या आत आज्ञावलीची साक्ष ग्राह्य. कुंपणाबाहेर तिला बोलावयाचे असेल तर तसे उघड सांगून बोलावे.

अलीकडे या प्रामाणिकपणाला एक गणिती रूपही मिळाले आहे. एकच आकडा सांगण्याऐवजी 'किती खात्रीने' हेही सांगावयाचे. त्यासाठी जे आकडे निश्चित ठाऊक नाहीत ते त्यांच्या शक्य मर्यादांत यदृच्छेने बदलून तेच गणित पुन्हा पुन्हा करतात. संभाव्यतेचा नियम असा आहे की, असे गणित ५९ वेळा केले आणि त्यांतील सर्वांत मोठे तापमान घेतले, तर शंभरांपैकी ९५ शक्यता त्या आकड्याच्या आत बसतात असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. यात थोडी नम्रता आहे आणि ती गणितानेच शिकवलेली आहे. अर्थात आकड्यांच्या मर्यादाच चुकीच्या धरल्या, तर ५९ काय आणि ५९०० काय!

शेवटी प्रश्न उरतो तो परीक्षक कोण, हा. गणित ज्याने केले त्यानेच ताळा पाहावा, हे शाळेतील गुरुजींनाही मान्य नव्हते. आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली. मुंबईत अणुशक्तीनगरला त्याची कचेरी आहे, आणि संशोधनासाठी १९९९ पासून कल्पाक्कमला त्याची स्वतःची संस्था आहे. भट्टी चालवणाऱ्यांनी सादर केलेले विश्लेषण तपासणे, आवश्यक तेथे ते गणित स्वतंत्रपणे पुन्हा करून पाहणे, हे अशा मंडळाचे कर्तव्य. २०१२ साली भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात, या मंडळाला कायद्याने पुरेसे स्वातंत्र्य नाही, अशी टीका केली होती. ती टीका तंत्रज्ञांनी केलेली नव्हती. तरीही ती आजच्या विषयाबाहेरची नाही. ज्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार आहे, त्याच्याच 'होय'ला किंमत असते. मग तो परीक्षक माणूस असो, मंडळ असो, की दाबाने फुगत चाललेली काँक्रीटची भिंत असो.

तुम्ही-आम्ही ही समीकरणे सोडवणार नाही, हे उघड आहे. म्हणून सर्व ऐकून मान डोलवावी, किंवा काहीच न ऐकता भ्यावे, असे दोनच मार्ग आपल्यापुढे आहेत असे समजण्याचे कारण नाही. तिसरा मार्ग प्रश्न विचारण्याचा आहे, आणि त्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. या गणिताचा ताळा करणाऱ्याने पाहिला की दुसऱ्याने? भाकीत प्रयोगाच्या आधी लिहिले की नंतर? ज्या अपघाताविषयी आपण बोलत आहोत, तो केलेल्या प्रयोगांच्या कुंपणाच्या आत बसतो काय? आणि जे उत्तर सांगितले, ते किती खात्रीने? धरणाचा बांध, लोहमार्गाचा पूल, पुराचा अंदाज, नवे औषध, ज्या ज्या ठिकाणी कोणी आपल्याला 'आम्ही हिशेब केला आहे' असे सांगतो, त्या त्या ठिकाणी हे चार प्रश्न लागू पडतात. ज्यांचा हिशेब खरा असतो त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही. बार्कॉमच्या प्रयोगात भाकिते आधी लिहून देणाऱ्यांनी ते आपण होऊनच मान्य केले होते.

उद्या सायंकाळी क्रांती चौकात तांबड्या दिव्यापुढे थांबावे लागले तर चिडू नका. समोरच्या दिव्यावरील सेकंद उलटे मोजले जात असतील, ते पाहा आणि मनाशी विचारा : हा आकडा कोणी काढला, आणि काढल्यावर येथे येऊन, उभे राहून, तो पाहिला काय? ज्या समाजाला चौकातील दिव्याविषयी हा प्रश्न विचारण्याची सवय लागते, तो तारापूरविषयीही तो विचारल्यावाचून राहत नाही.